उभं राहण्याचे कष्ट

आजींच्या पोटरीवर मी हात ठेवला तेव्हा ती लाकडासारखी लागली. त्या चढण चढत नव्हत्या, डोक्यावर ओझं नव्हतं. सावली गावातल्या माझ्या खोलीत, कोरड्या फरशीवर, पाय जुळवून नुसत्या उभ्या होत्या. दहा सेकंद असं उभं राहायचं, एवढंच मी सांगितलं होतं. चौथ्या-पाचव्या सेकंदाला त्यांची बोटं फरशी पकडायला लागली. मग घोट्यासमोरची शीर दोरीसारखी वर आली. सातव्याला हात पसरले आणि आठव्याला त्यांनी माझा खांदा धरला.

“नुसती उभी तं होती वं पोरी,” खुर्चीत बसत त्या म्हणाल्या, “मंग थकली काहून?”

शिकत होते तेव्हा परीक्षेत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. वीस दिवसांपूर्वी त्या रात्री घरामागं पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, खुब्यावर काळानिळा डाग तेवढा उरला होता. आधी एका दवाखान्यात नेलं, तिथं “वय झालं, आता असंच चालायचं” म्हणून परत पाठवलं. मुलगा माझ्याकडं घेऊन आला तो एकच मागणं घेऊन: आईच्या पायात जोर येईल असं काही द्या. पाय ढिले पडलेत, असं त्याचं म्हणणं. आजींचे पाय ढिले नव्हते. उलट ते गरजेपेक्षा कितीतरी जास्त राबत होते आणि त्यामुळंच त्या थकत होत्या.

हे मी पहिल्यांदा नागपूरला शिकताना पडद्यावर पाहिलं होतं. स्नायू काम करतो तेव्हा त्यात बारीकशी वीज खेळते. कातडीवर छोट्या चकत्या चिकटवल्या की ती वीज टिपता येते, त्याला ईएमजी म्हणतात. आम्ही आधी एका मैत्रिणीच्या पोटरीला आणि नडगीला चकत्या लावल्या आणि तिला उभं केलं. पोटरीची रेषा मंद हलत होती. मध्येच उठायची, मध्येच निजायची. नडगीची तर जवळपास सपाट. मग तपासणीसाठी आलेले एक निवृत्त मास्तर तयार झाले. सत्तरीच्या पुढचे, सडपातळ, स्वतःच्या पायानं जिना चढून आलेले. ते उभे राहिले आणि दोन्ही रेषा दाट गवतासारख्या उगवून आल्या. पोटरी मागं ओढत होती, नडगी पुढं. मास्तर बाहेरून शांत दिसत होते. मला तोवर वाटायचं, म्हाताऱ्या स्नायूची रेषा बारीक असेल, विझत चाललेली. त्या दिवसापासून माझी समजूत बदलली.

उभं राहणं म्हणजे थांबणं नव्हे. आपला भार घोट्याच्या जरा पुढं पडतो, म्हणून उभा माणूस सतत पुढं कलंडत असतो आणि पोटरी त्याला मागं आणत असते. हे हेलकावे इतके लहान असतात की कळत नाहीत. तरुणपणी शरीर हे काम काटकसरीनं करतं: थोडं कलू द्यायचं, चिमटीभर ओढायचं, सोडून द्यायचं. वय वाढलं की शरीराचा त्या कलण्यावरचा विश्वास उडतो. मग पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी आवळून घोटा जखडून टाकला जातो. २००३ साली बोस्टनच्या संशोधकांनी तरुण, कधी न पडलेले वृद्ध आणि पडून गेलेले वृद्ध यांना असंच नुसतं उभं करून मोजलं, तेव्हाही हेच दिसलं. वृद्धांच्या पायांचे स्नायू तरुणांपेक्षा जास्त काम करत होते. जे कधी पडले नव्हते त्यांचेसुद्धा.

जखडलेला घोटा तेवढ्यापुरता धीर देतो, पण ऐन वेळी दगाही तोच देतो. धक्का बसला तर आधी घोट्यातून सावरायचं, नाही जमलं तर कमरेतून वाकून, तेही नाही तर पटकन एक पाऊल टाकून, अशी शरीराची चढती रीत असते. आधीच आवळून बसलेल्या स्नायूला यातलं काही चटकन करता येत नाही. आणि चटकन हाच तर सगळा मुद्दा आहे. स्नायूत सावकाश आणि बराच वेळ राबणारे तंतू असतात, तसे झटक्यात ओढणारेही असतात. वयाबरोबर जास्त झिजतात ते झटक्यातले. म्हणून आमच्याकडची म्हातारी माणसं दिवसभर चालू शकतात, पण ठेच लागली की दुसरं पाऊल वेळेवर पुढं येत नाही.

त्यात मज्जारज्जूतल्या, स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशीही कमी होत जातात. एक पेशी मेली की तिच्या हाताखालचे तंतू पोरके होतात. शेजारची पेशी त्यातल्या काहींना आपल्यात घेते, बाकीचे वाळून जातात. आजींना हे सांगताना मी धानाच्या रोवणीचं उदाहरण दिलं: चार टोळ्यांना चार मुकादमिणी होत्या, दोघी गेल्या, उरलेल्या दोघींच्या मागं दुप्पट बाया. काम होतं, पण बारकाईनं होत नाही. थोडंसं ओढायचं तिथं जास्त ओढलं जातं. त्यांनी लगेच मान हलवली. रोवणीच्या टोळीत उभा जन्म गेलेल्या बाईला हे कळायला वेळ लागत नाही.

सावली तालुका धानाचा. एका अंगाला वैनगंगा, पलीकडं गडचिरोली, इकडं पाथरीजवळ आसोलामेंढ्याचा इंग्रजांच्या काळातला तलाव. पावसाळ्यात बांध्या चिखलून तयार झाल्या की बायका दिवसभर कमरेत वाकून, चिखलात उलट्या पावलानं सरकत पऱ्हे रोवतात. मार्च-एप्रिलात भल्या पहाटे मोहाखाली उकिडवं बसून फुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता. अशा आयुष्याला व्यायाम कमी पडला असं कोण म्हणेल? मला स्वतःला सुरुवातीला वाटायचं की इथले म्हातारे शहरातल्यांपेक्षा कणखर असणार, त्यांना माझी गरज कंबर-गुडघ्याच्या दुखण्यापुरतीच. ती समजूत मोडली एका आजोबांमुळं, आणि त्यात चूक माझी होती.

त्यांचं वय कुठल्या कागदावर धड नव्हतं. आई सांगायची, सावलीत गांधीबाबांची मोठी सभा झाली त्या सालचा हा. १९३६ साली गांधी सेवा संघाचं अधिवेशन इथं भरलं होतं, तेव्हाचं खादीचं काम अजून लोकांच्या बोलण्यात येतं. म्हणजे आजोबा माझ्याकडं आले तेव्हा ऐंशीच्या घरात होते. गुडघे दुखत होते. पुस्तकात असतं तेच मी सांगितलं: खाली बसू नका, मांडी घालू नका, खुर्ची वापरा. मुलगा आज्ञाधारक. त्यानं सावलीच्या बाजारातून लाल प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ओट्यावर मांडली. जेवण खुर्चीत, चहा खुर्चीत, पावसाळाभर रस्त्याकडं पाहणं खुर्चीत. दिवाळीच्या आधी मी त्या गावात गेले तर आजोबा हसून म्हणाले, “मॅडम, गुडघा आता दुखत नाई.” मी उठायला सांगितलं. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन त्यांनी दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा मुलानं काखेत हात घालून उचललं.

त्या आधी हा माणूस दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीवर बसत होता आणि जमिनीवरून उठत होता. जेवायला, बिडी ओढायला, पाहुणा आला म्हणून, बैलाला वैरण टाकायला. प्रत्येक वेळी मांडीनं त्याचा सगळा भार वर उचलला होता. एवढी उठबस मी एका चिठ्ठीनं बंद केली. दुखणं शमवण्याच्या नादात मी त्याची मांडी काढून घेतली. ती लाल खुर्ची आता दर दुसऱ्या ओट्यावर दिसते आणि ती दिसली की मला अजून वाईट वाटतं. खुर्ची वाईट नाही. तिच्यात माणसाला ठेवून देणं वाईट. “तुमी बसा आता, लय केलं” हे मुलं-सुना मनापासून, मायेनं म्हणतात. पण पाय माया ओळखत नाहीत. त्यांना एवढंच कळतं की आता उचलायला काही नाही.

आजोबांसोबत मग आम्ही उलटा प्रवास केला. खाटेवर दोन घोंगड्यांच्या घड्या ठेवून उंच बैठक केली, तिच्यावरून हात न लावता उठायचं. जमलं की एक घडी कमी. गुडघा कुरकुरायचा, पण चालवून घेता येईल इतकाच. तीन महिन्यांनी ते उघड्या खाटेवरून उठायला लागले. जमिनीवरून उठणं पुन्हा आलं नाही. ते माझ्या खात्यावर राहिलं.

आता ऐंशीत काय होणार, असं घरचे विचारतात तेव्हा मी त्यांना १९९० सालच्या एका अमेरिकन अभ्यासाची गोष्ट सांगते. मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनी एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं, तेही बेताबेतानं नव्हे, चांगलं जड. नऊ जणांनी ते पूर्ण केलं. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. नव्वदीत! यंत्र नसलं तरी अडत नाही. आमच्याकडं धानाची पिशवी असते. दोन किलोपासून सुरुवात करायची, पायाला बांधायची, आठवड्याला ओंजळभर धान वाढवायचं. घरच्यांना वाढ डोळ्यांनी दिसते आणि आजोबांना हिशेब राहतो.

दुसरा सल्ला मी असाच सोडून दिला, तो चालण्याचा. रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोकळं फिरायला जा, असं मी एका सुनेला तिच्या सासूबद्दल सांगितलं. ती माझ्याकडं पाहतच राहिली. “मॅडम, वाघ हाय ना.” सावली, मूल, सिंदेवाही या पट्ट्यात वाघानं माणूस नेल्याची बातमी दर हंगामात येते. मोहफुलं वेचायला वाकलेली बाई, सरपण आणायला गेलेला म्हातारा. पहाट आणि सांज हीच त्याची वेळ आणि आमच्या पुस्तकात फिरायची वेळही तीच. उतारवयातली माणसं जंगलात जायची हळूहळू थांबली, ते शहाणपणाचंच आहे. पण त्या वाटेबरोबर खाचखळगे गेले, चढउतार गेले, मुळं ओलांडताना पाय उचलणं गेलं. गावात आला सिमेंटचा सपाट रस्ता आणि घरात फरशी. तळपायाला नवं काही सांगणारी जमीन उरली नाही. म्हणून आता मी अंगणातच काम देते. चुन्याची एक रेघ, तिच्यावरून टाचेला चवडा लावत जायचं, भिंत हाताशी.

ही भिंत फार कामाची. तिला रेलायचं नाही, बोट टेकवायचं. १९९४ साली जेका आणि लॅकनर यांनी दाखवून दिलं की शंभर ग्रॅमपेक्षाही कमी दाबानं एक बोट टेकवलं तरी उभ्या माणसाचं डोलणं स्पष्टपणे कमी होतं. एवढ्या दाबानं कुणाला आधार मिळत नाही, मिळते ती खबर: आपण किती कललो, कुठं कललो. बोटाला आधी कळतं आणि पाय वेळेवर कामाला लागतात. म्हातारी माणसं घरात चालताना दार, खांब, माठ यांना बोट लावत जातात, ते मला आता नीट समजतं. सुनांना मी सांगते, त्यांच्या रोजच्या वाटेवरचा खांब झाकू नका, तिथं पोती रचू नका.

आजींच्या घरी मी गेले ते त्या पडल्या होत्या ती जागा बघायला. खाटेपासून मागच्या दारापर्यंत अकरा पावलं, दाराला एक उंबरा, पलीकडं संडासाची पायरी. पायरीला पांढरी चकचकीत फरशी, तिच्यावर मगातून सांडलेलं पाणी. रात्री दोनला लघवीला उठल्या, वीज गेलेली. शरीराला तोल तीन ठिकाणांहून कळतो: डोळे, कानाच्या आतली यंत्रणा आणि तळपाय-घोट्यातून येणारी जाणीव. अंधारात डोळे गेले. आतला कान वयानं मंदावलेला. तळपाय तेवढे उरले होते, ते जाड तळाच्या चपलेत. बर्लिनच्या रोम्बर्ग नावाच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच टिपून ठेवलंय की पायांची जाणीव हरवलेला माणूस डोळे मिटताच डोलायला लागतो. ती तपासणी आजही त्यांच्या नावानं चालते. मी आजींना डोळे मिटायला सांगितलं तेव्हा दोन सेकंदांत त्यांना धरावं लागलं.

“मी पडली नाई वं,” त्या रात्रीचं सांगताना त्या म्हणाल्या, “जमीन सरकली.”

माझ्या मते हे त्या दिवसाचं सगळ्यात अचूक वर्णन होतं. त्यानंतर त्या घरात दिवसासुद्धा भिंतीला पाठ घासत चालत होत्या. भीतीनंही स्नायू आवळतात. उंचावर उभं केलं की तरुणांचेही पाय जखडतात. आजींना त्यांचं स्वतःचं घरच उंचावरची जागा झालं होतं.

पायरीवर मुलानं सिमेंट खरवडून खडबडीत केलं. खाटेजवळ चार्जिंगचा दिवा आला. दुखण्याच्या गोळ्यांत कुणीतरी झोपेची एक गोळी जोडून दिली होती, ती डॉक्टरांना विचारून बंद झाली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, त्याचं ऑपरेशन झालं. हे सगळं भराभर झालं. सावकाश झालं ते पायांचं. चुलीपाशी उभ्या राहून ओट्याला बोट लावत टाचा वर करायच्या, पाणी उकळेपर्यंत. खाटेवरून उठताना झटकन उठायचं, बसताना मात्र चारपर्यंत मोजत बसायचं, कारण झटक्यातले तंतू झटक्यानं जागे होतात. चालता चालता मी त्यांना नातवंडांची नावं विचारायची. सुरुवातीला त्या उत्तर द्यायला थांबायच्या. चालणं आणि बोलणं एकत्र जमेना झालं की समजावं, पायांनी सगळं लक्ष मागून घेतलंय. दीड महिन्यानं त्या न थांबता चारही नावं सांगायला लागल्या आणि पाचव्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, “तुले माईत नाई का आता?”

मग रोवणी आली. आजींनी जायचं म्हटलं आणि घरात भांडण झालं. मुलगा माझ्याकडं आला, तुम्ही समजावा म्हणून. मी खूप विचार केला. चिखल, पाणी, निसरडा धुरा. पडल्या आणि खुबा मोडला तर मी काय उत्तर देणार? खुबा मोडलेली किती म्हातारी माणसं वर्षभरात जातात, ते मी पाहिलंय. दुसरीकडं ती लाल खुर्ची डोळ्यांसमोर. शेवटी ठरलं ते असं की आजींनी बांधीत उतरायचं नाही, धुऱ्यावर उभं राहून पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकायच्या. काठी, उघडे पाय, सोबत नात. दोन तास, ऊन चढायच्या आत. पहिल्या दिवशी मीही गेले.

धुऱ्यावर त्या माझ्यापुढं चालत होत्या. माझ्या खोलीत फरशीवर आठ सेकंदांत माझा खांदा धरणारी बाई ओल्या मातीत पायाची बोटं फाकवून, रुतवून, काठीचं टोक नुसतं टेकवत चालली होती. माती मऊ होती आणि प्रत्येक पावलाखाली वेगळी होती. त्यांच्या तळपायाला ती साठ वर्षांची ओळखीची. खाली बांधीत बायकांची रांग उलटी सरकत होती. कुणीतरी हाक मारली, “मावशी, इकडं टाका जी!” आजींनी काठी नातीकडं दिली, पेंढी उचलली, हात मागं नेला.

मी मागं उकिडवी बसले आणि हळूच त्यांच्या पोटरीवर हात ठेवला. घट्टच होती. पेंढी सुटली त्या क्षणी पोटरी तळहाताखाली सैल पडली, त्या पुढं झुकल्या आणि लगेच पुन्हा आवळून तिनं त्यांना मागं आणलं. दुसरी पेंढी. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. पेंढी पाण्यात पडून शिंतोडे उडाले तसं त्यांनी खाली पाहिलं.

“हात काढ वं पोरी,” त्या म्हणाल्या, “चिखल लागन तुले.”